ठासणीची बंदूक: वारसा हाती आल्यापासून पहिल्या बारापर्यंत

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील काही मराठी घरांत आजही ठासणीची बंदूक आहे, म्हणजे जिच्या तोंडातून दारू आणि गोळी लांब गजाने ठासून भरतात ती. जांबोटी, कणकुंबी, नंदगडच्या रानपट्ट्यात भाताच्या आणि उसाच्या राखणीसाठी आजोबा-पणजोबांनी परवाना काढून ती घेतलेली असते. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागते आणि उरलेले वर्षभर ती कपाटामागे भिंतीला टेकून उभी असते. या बंदुकीचा छंद जोपासायचा कसा, असे विचारणाऱ्यांसाठी हा लेख आहे. ठासणीच्या बंदुकीचा आनंद तिच्या क्रमात आहे. एका बारासाठी आठ-दहा कृती ठरलेल्या क्रमाने कराव्या लागतात, त्यातील एकही गाळता येत नाही, आणि हाच क्रम नेमबाजाला सुरक्षितही ठेवतो. म्हणून लेखातील पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने चढाव्यात, ही विनंती.

पहिली पायरी: नळी रिकामी आहे का?

जुनी बंदूक हाती आली की ती भरलेली आहे असेच धरून चालावे. काडतुसाची बंदूक मधून मोडून पाहता येते, ठासणीच्या बंदुकीत ती सोय नाही. नळीचे मागचे टोक कायमचे बंद असते आणि पुढून डोकावण्याचा मोह तर कधीही होऊ देऊ नये. तपासणीची रीत सोपी आहे. टोपीची बंदूक असेल (प्रकार तिसऱ्या पायरीत सांगितले आहेत) तर आधी निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या बाजूच्या पोकळ खुंटीवर, घोडा आदळताच पेटणारी टोपी नाही याची खात्री करावी. बंदुकीचे तोंड निर्धोक दिशेला ठेवून एक सरळ लाकडी काठी नळीत अलगद, न ठोकता, थांबेल तिथपर्यंत सोडावी आणि तोंडाशी तिच्यावर पेन्सिलीने खूण करावी. मग काठी बाहेर काढून नळीला बाहेरून समांतर धरावी, खूण तोंडाशी जुळवावी आणि दुसरे टोक कोठे येते ते पाहावे. ते कानाजवळ, म्हणजे ज्या छिद्रातून आग आत जाते त्या छिद्राशी, पोहोचले तर नळी बहुधा रिकामी आहे. दोन-चार बोटे अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे.

आमच्या घरची बंदूक आजोबांच्या पश्चात वडिलांच्या नावावर चढवायची होती, तेव्हा मी ही काठी लावली आणि ती तीन बोटे अलीकडे थांबली. घरातील सर्वांचे मत पडले की गंज किंवा गांधीलमाशीचे घर असेल. परवानाधारक कारागिराने मागची बाजू उघडली तेव्हा आतून चिंध्यांचा बोळा, एक शिशाची गोळी आणि कागदावर ओतल्यावर चहाचा चमचा भरेल एवढी दारू निघाली. दाणे कोरडे, काळे आणि चकचकीत होते. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशके जिवंत राहते, आणि ती बंदूक आम्ही मुले दर दसऱ्याला हाताळत आलो होतो. आत काही आढळले तर स्वतः खरवडू नये, तापवू नये, टोपी लावून "उडवून मोकळे" तर मुळीच करू नये. परवाना असलेल्या बंदूक-दुरुस्ती कारागिराकडेच ती सोपवावी.

दुसरी पायरी: कागदपत्रे

ठासणीची बंदूक जुन्या धाटणीची असली तरी 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली ती बंदुकच आहे आणि तिला परवाना लागतो. अधिनियमाच्या कलम 45 मध्ये जुन्या नमुन्याच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण दुरुस्तीनेही किंवा दुरुस्तीविनाही जे बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशाच शस्त्राला ती मिळते. कान साफ करून जी उडू शकते, ती या सवलतीत बसत नाही. कोडगूच्या कोडव समाजाला परवान्यातून मिळालेली सूटही आपल्या जिल्ह्याला लागू नाही. दोन्ही गैरसमज आपल्याकडे फार पसरलेले आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

परवानाधारकाचे निधन झाले की वारसाने बंदूक घरात ठेवून बसू नये. ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी आणि मग स्वतःच्या नावाने अर्ज करावा. अर्जदाराचे वय 21 वर्षे पूर्ण असावे लागते. बेळगाव शहराच्या आयुक्तालय हद्दीत पोलीस आयुक्तांकडे आणि हद्दीबाहेर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार अर्जासोबत ओळख आणि पत्त्याच्या पुराव्यांबरोबरच वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि घरात ते कुलपात ठेवण्याची हमी द्यावी लागते. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका बाळगता येतात, वारशाने आलेली बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे.

परवाना हाती आला की तो पूर्ण वाचावा. आपल्याकडे तो बहुतेक वेळा कन्नड आणि इंग्रजीत असतो. कन्नड वाचता येत नसेल तर जाणकाराकडून ओळीओळीने समजून घ्यावा. तीन रकाने विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला उद्देशाचा: कायद्याच्या कलम 13 मध्ये प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे, परंतु संरक्षण किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी रायफल, हे वेगळे उद्देश आहेत. छंद म्हणून लक्ष्यावर नेम धरायचा असेल तर आपल्या परवान्यात तो उद्देश बसतो का, हे कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. दुसरा रकाना दारूगोळ्याच्या प्रमाणाचा. तिसरा क्षेत्राचा, आणि सीमाभागात तो सर्वांत अडचणीचा ठरतो. बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघाले की शिनोळीला महाराष्ट्र लागतो. शेत एका राज्यात आणि पाहुणे दुसऱ्या राज्यात, अशी आपली स्थिती आहे. परवाना कर्नाटकापुरता असेल तर बंदूक घेऊन चंदगडच्या मामाकडे जाणे हा गुन्हा ठरतो, मग हेतू कितीही निर्मळ असो.

खानापूरकरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. भीमगड अभयारण्याच्या आत किंवा त्याच्या सीमेपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र-परवानाधारकाने आपले नाव वन्यजीव विभागाकडे नोंदवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 34 नुसार बंधनकारक आहे, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना देण्याआधी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते. विनापरवानगी शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. ज्यांना रानडुकराच्या मागे जायचे आहे त्यांच्यासाठी हा लेख नाही.

दसरा, वरात, जत्रा यांत हवेत बार काढण्याची जुनी हौसही आता पूर्ण सोडावी. निष्काळजीपणे, इतरांचा जीव धोक्यात घालून आनंदाप्रीत्यर्थ गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद 2019 पासून आहे. खंडेनवमीला बंदूक पूजेत जरूर मांडावी, पण रिकामी, आणि समई-निरांजनाच्या खोलीत दारूचा एक दाणाही नसताना.

तिसरी पायरी: बंदूक ओळखणे

आग आत कशी पोहोचते, यावरून या बंदुकांचे प्रकार पडतात. तोड्याच्या बंदुकीत जळती जामगी, म्हणजे धुमसणारी वात, कानाजवळच्या रंजकाला, म्हणजे पेट घेण्यासाठी ठेवलेल्या चिमूटभर दारूला, लागते. गारगोटीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात धरलेली गार पोलादी पत्र्यावर आपटते आणि ठिणग्या रंजकात पडतात. टोपीच्या बंदुकीत, जिला आपल्याकडे केपाची बंदूक असेही म्हणतात, निपलवर बसवलेल्या तांब्याच्या छोट्या टोपीवर घोडा आदळतो. कित्तूरच्या किल्ल्यापुढे 23 ऑक्टोबर 1824 रोजी कलेक्टर थॅकरे मारला गेला तो काळ तोड्याचा आणि गारगोटीचा होता; टोपी फौजेत रुळली ती नंतर. घरातील राखणीच्या बंदुका बहुतेक टोपीच्या आणि गुळगुळीत नळीच्या असतात, आणि नवशिक्याने टोपीच्याच बंदुकीवर शिकावे असे माझे मत आहे. गारगोटीत चाप ओढणे आणि बार उडणे यांच्यामध्ये क्षणभराची फट असते. तेवढ्यात हात हलतो आणि सुरुवातीलाच वाईट खोड लागते.

जुनी बंदूक उडवायची की जपायची, हा निर्णय भावनेवर सोडू नये. नळीवर चाचणीचा ठसा नसेल, आत गंजाचे खड्डे असतील, निपलचे आटे झिजले असतील, दस्त्याला, म्हणजे मागच्या लाकडी भागाला, मनगटाजवळ (जिथे हाताची पकड येते तिथे) चीर असेल किंवा घोडा अर्ध्या चापावर, म्हणजे अर्धवट चढवलेल्या स्थितीत, टिकत नसेल तर ती बंदूक भिंतीची शोभा म्हणूनच ठेवावी. मी आमच्या आजोबांची बंदूक उडवत नाही. तिच्या नळीत मागच्या बाजूला करंगळीच्या नखाएवढा खड्डा आहे. तेल लावतो, पुसतो आणि ठेवतो, आणि त्यातही मला पूर्ण समाधान मिळते. हौस असूनही बंदूक नसलेल्यांनी कित्तूरचे संग्रहालय, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील शस्त्रदालन आणि पुण्याचे केळकर संग्रहालय सावकाश पाहावे.

चौथी पायरी: दारू, गोळी, चिंधी

ठासणीच्या बंदुकीत फक्त काळी दारू जाते. आधुनिक काडतुसातील धूरविरहित दारू चिमूटभरही भरू नये. तिने निर्माण होणारा दाब या नळ्यांच्या ताकदीबाहेरचा असतो आणि नळी नेमबाजाच्या तोंडाशी फाटते. फटाक्यांची दारू आणि घरी कुटलेली दारू यांनाही हाच नियम लागू आहे. दारू परवान्यावर, परवानाधारक विक्रेत्याकडून, पावतीसह घ्यावी आणि ती करून पाहण्याच्या फंदात पडू नये. कारखान्याच्या दारूचे दाणे एका मापाचे असतात. जाड दाणा सावकाश जळतो आणि मोठ्या नळीला मानवतो, बारीक दाणा झपाट्याने जळतो आणि लहान नळीत किंवा रंजकासाठी वापरतात. बाराचे प्रमाण ग्रेनमध्ये सांगतात; एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम, म्हणून 50 ग्रेन म्हणजे सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. आपल्या बंदुकीला किती, हे निर्मात्याच्या पत्रकात असते आणि तेथील किमान आकड्यापासून सुरुवात करावी. जास्त दारूने नेम सुधारत नाही, फक्त खांदा दुखतो आणि नळीवर ताण येतो.

गोळी शुद्ध, मऊ शिशाची असते आणि नळीच्या व्यासाहून किंचित, इंचाच्या पाच ते दहा हजारांशांनी, लहान असते. उरलेली फट चिंधी भरून काढते. चिंधी घट्ट विणीच्या सुती कापडाची हवी; कृत्रिम धागा नळीत वितळून चिकटतो. धुऊन खळ काढलेले मांजरपाट चांगले चालते. तिला लावायला मधाच्या पोळ्याचे मेण आणि तूप एकत्र वितळवून केलेले मलम मी वापरतो. नुसते खोबरेल तेल उन्हाळ्यात ठीक असते, पण बेळगावच्या डिसेंबरातल्या सकाळी ते थिजते. यंत्राचे खनिज तेल मात्र नको, जळत्या दारूबरोबर त्याचे डांबरासारखे किटण होते.

पाचवी पायरी: रेंजवर पहिला बार

शेताचा बांध म्हणजे रेंज नव्हे. मान्यताप्राप्त, मागे मातीचा उंच भराव असलेल्या उघड्या रेंजवरच नेमबाजी करावी आणि काळ्या दारूला तेथे परवानगी आहे का हे आधी विचारावे, कारण धूर आणि ठिणग्या दोन्ही भरपूर निघतात. डोळ्यांना चष्मा, कानांना आवरण आणि अंगात सुती कपडे असावेत. विडी-सिगारेट आसपासही नको. शिसे हाताळल्यानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नये.

प्रथम साठवणीचे तेल कोरड्या चिंधीने पुसून काढावे. मग रिकाम्या बंदुकीच्या निपलवर टोपी लावून, तोंड लक्ष्याच्या दिशेने जमिनीजवळच्या गवताच्या पात्याकडे धरून ती फोडावी. पाते हलले तर मार्ग मोकळा आहे. दोन टोप्या फोडूनही पाते हलले नाही तर निपल काढून साफ करावे, कारण आत तेल किंवा मळ आहे.

आता बंदूक दस्त्यावर उभी करावी, तोंड वर आणि आपल्या चेहऱ्यापासून दूर. दारू शिंगातून, म्हणजे दारू ठेवायच्या शिंगाच्या भांड्यातून, आधी मापात घ्यावी आणि मापातून नळीत ओतावी. शिंगातून थेट नळीत कधीही ओतू नये. मागच्या बाराची एक ठिणगी आत राहिली असेल तर मापातील दारू भडकेल तेवढ्यावर निभावेल, थेट ओतताना अख्खे शिंग हातात फुटेल. शिंगाचे तोंड बंद करून ते दूर ठेवावे आणि मगच पुढचे काम करावे. नळीला बाहेरून दोन चापट्या मारल्या की दारू खाली बसते.

तोंडावर मलम लावलेली चिंधी, तिच्यावर गोळी, आणि अंगठ्याच्या दाबाने ती थोडी आत. नंतर गजाने खाली न्यावी. गज नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावरच धरावा आणि थोडा-थोडा सरकवावा. वरच्या टोकाला धरून जोर लावला की लाकडी गज मोडतो आणि त्याची फाळ तळहातात घुसते. गोळी दारूवर टेकली पाहिजे, ही या सगळ्या कृतीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. दारू आणि गोळी यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली तर गोळी अडथळ्यासारखी वागते आणि नळी तेथे फुगते किंवा फुटते. म्हणून गजावर दोन खुणा कायमच्या कोराव्यात, एक रिकाम्या नळीची आणि एक नेहमीच्या बाराची. प्रत्येक वेळी दुसरी खूण तोंडाशी आली आहे हे पाहूनच गज बाहेर काढावा. गोळी टेकल्यावर गज आपटत बसू नये, एकसारखा दाब पुरतो. मराठीत ठासून भरणे म्हणजे दाबून कोंबणे. बंदुकीत ठासायचे ते एवढेच, मापात.

टोपी शेवटी. नेमबाजीच्या जागेवर उभे राहून, तोंड लक्ष्याकडे केल्यावरच ती निपलवर बसवावी. घोडा पूर्ण चढवावा, नेम धरावा, चाप सावकाश ओढावा, आणि बार उडाल्यावरही बंदूक क्षणभर तशीच धरून ठेवावी. पांढऱ्या धुराचा लोट समोर पसरतो आणि गंधकाचा वास येतो. लक्ष्य दिसायला थोडा वेळ लागतो. प्रत्येक बारानंतर ओलसर चिंधी नळीतून फिरवावी. तिने किटण निघते आणि धुमसता कणही विझतो.

माझ्या पहिल्याच दिवशी कोणाशी तरी बोलण्याच्या नादात मी दारू न घालताच गोळी ठासली. टोपी फुटली, बार उडाला नाही, आणि रेंजवरच्या वयस्कर शिक्षकांनी शांतपणे विचारले, "माप कुठे ठेवलंस?" माप भरलेले, माझ्याच शेजारी होते. तेव्हापासून बार भरताना मी कोणाशी बोलत नाही आणि दुसरा कोणी बार भरत असेल तर त्याच्याशीही बोलत नाही.

सहावी पायरी: बार फुसका निघाला तर

टोपी फुटूनही बार उडाला नाही तर बंदूक जशी आहे तशीच, लक्ष्याकडे तोंड ठेवून, निदान दोन मिनिटे धरावी. आत दारू धुमसत असू शकते आणि बार उशिराने उडतो. त्यानंतर नवी टोपी लावून पुन्हा प्रयत्न करावा. तरीही नाही उडाला तर टोपी काढून निपलचे छिद्र बारीक तारेने मोकळे करावे, नवी टोपी लावून पाहावे, आणि शेवटचा उपाय म्हणून गजाच्या टोकाला स्क्रू लावून गोळी बाहेर ओढावी. हे शेवटचे काम पहिल्या वर्षभरात जाणकाराच्या हातूनच व्हावे, आणि त्याआधी निपलमधून थोडे पाणी सोडून दारू भिजवून घ्यावी.

हात बसला की स्पर्धेच्या शिस्तीने सराव करून पाहण्यासारखा आहे. ठासणीच्या बंदुकांची आंतरराष्ट्रीय समिती 1971 पासून काम करते आणि तिच्या स्पर्धांत फक्त काळी दारू चालते. तीस मिनिटांत तेरा बार काढायचे आणि त्यांतले सर्वोत्तम दहा मोजायचे, असा नियम आहे. तोड्याच्या बंदुकीची पन्नास मीटरची उभ्याने खेळायची स्पर्धा जपानच्या तानेगाशिमा बेटाच्या नावाने ओळखली जाते. तेरा बार तीस मिनिटांत म्हणजे एका बाराला सव्वादोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ. घाई न करता, एकही कृती न गाळता तो वेळ पुरेसा असतो, हे घड्याळ लावून पाहिल्यावरच पटते.

सातवी पायरी: धुणे

काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घन रूपात उरतो आणि नळीत बसतो. हे किटण हवेतील ओल शोषते. कणकुंबीच्या पावसात ते एका रात्रीत लोखंड खाऊ लागते, म्हणून रेंजवरून घरी आल्यावर आंघोळीआधी बंदूक धुवावी. यात आजपर्यंत मला अपवाद सापडलेला नाही.

नळी रिकामी असल्याची गजाने पुन्हा खात्री करावी. जोडणी सुटत असेल तर नळी दस्त्यापासून वेगळी करावी, निपल काढावे, आणि नळीचे मागचे टोक बादलीतील कोमट, थोड्या साबणाच्या पाण्यात उभे करावे. गजाला चिंधी लावून वर-खाली केले की पंपासारखे पाणी आत ओढले जाते आणि कानातून काळे बाहेर पडते. कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करावे, मग एकदा कढत साधे पाणी फिरवावे, म्हणजे तापलेली नळी लवकर वाळते. कोरड्या चिंध्या एकामागून एक घालाव्यात आणि शेवटी तेलाची. घोड्याची कळ ओल्या फडक्याने पुसून, वाळवून तिला थेंबभर तेल द्यावे. लाकडाला पाणी लागू देऊ नये, जवसाचे तेल वर्षातून दोनदा पुरते.

ठेवताना नळीचे तोंड खाली ठेवावे, नाहीतर जादा तेल दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड मऊ पडते. बंदूक कुलपात, दारू वेगळ्या जागी मूळ डब्यात, चुलीपासून आणि गॅसपासून दूर, टोप्या त्याहून वेगळ्या. बंदुकीचे कापडी वेष्टन पावसाळ्यात काढून टाकावे, ते ओल धरून ठेवते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडी चिंधी नळीतून फिरवावी. जून ते सप्टेंबरमध्ये ती बहुतेक वेळा फिकट तपकिरी निघते, म्हणजे गंज सुरू झाला आहे. पुन्हा पुसून, तेल लावून तिसऱ्या दिवशी पाहावे. चिंधी जशी आत गेली तशीच पांढरी बाहेर आली की बंदूक कुलपात ठेवावी आणि त्या दिवशी किती बार काढले, कोणते माप होते, हे वहीत लिहून ठेवावे.